सशाचे निळे जाकीट

४ सप्टेंबर १८९३ या दिवशी स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथे मुक्कामाला असलेल्या बिअट्रिक्स पॉटर नावाच्या सत्तावीस वर्षांच्या इंग्रज तरुणीने नोएल मूर या मुलाला एक पत्र लिहिले. नोएल हा तिच्या एके काळच्या शिक्षिकेचा मुलगा. वय वर्षे पाच. आजारी पडून अंथरुणाला खिळलेला. त्याची करमणूक व्हावी म्हणून तिने पत्रात चार सशांची एक गोष्ट लिहिली आणि ओळींच्या मधोमध शाईने चित्रे काढली. सात वर्षांनी तिने तेच पत्र मुलाकडून उसने मागून घेतले, गोष्ट वाढविली आणि प्रकाशकांची दारे ठोठावली. एकामागून एक प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर डिसेंबर १९०१ मध्ये तिने पदरचे पैसे घालून २५० प्रती छापून घेतल्या. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या लंडनच्या प्रकाशन संस्थेने तेच पुस्तक रंगीत चित्रांसह बाजारात आणले आणि वर्ष संपण्यापूर्वीच त्याच्या अठ्ठावीस हजार प्रती छापाव्या लागल्या. पीटर रॅबिट हा निळ्या जाकिटातला ससा तेव्हापासून आजतागायत मुलांच्या हातांतून फिरतो आहे.

मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी एखादा प्राणी ‘तयार करणे’ हे काम वरवर पाहता फार सोपे वाटते. दोन लांब कान, दोन टपोरे डोळे, अंगात एखादा रंगीबेरंगी सदरा, की झाला ससा! मुलांना एवढे पुरते, असा मोठ्यांचा समज असतो. वस्तुतः मुलांना एवढे पुरत नाही. एकदा पाहून विसरला जाणारा प्राणी आणि पुस्तकामागून पुस्तक ज्याची वाट पाहिली जाते तो प्राणी, यांच्यातील अंतर कशाने पडते, हा प्रश्न केवळ चित्रकारांचा नाही. ज्यांच्या घरी वा वर्गात मुले आहेत अशा प्रत्येकाचा तो प्रश्न आहे; कारण अक्षरओळख होण्यापूर्वी मूल जे पहिले ‘वाचन’ करते ते बहुधा अशाच एखाद्या प्राण्याच्या संगतीने.

मुखवटा आणि मूल

गोष्टीतला प्राणी आपल्याला नवा नाही. पंचतंत्र-हितोपदेशाची परंपरा सांगणाऱ्या देशाला तो नवा असणार तरी कसा? करटक आणि दमनक हे कोल्हे, सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावणारा ससा, मगरीला फसविणारा वानर ही सारी मंडळी शतकानुशतके मुलांना झोपवीत आणि शहाणे करीत आली आहेत. परंतु या गोष्टींतला प्राणी हा बहुतेक वेळा मुखवटा असतो. कोल्हा म्हणजे धूर्तपणा, गाढव म्हणजे मूर्खपणा, सिंह म्हणजे सत्तेचा उन्माद. गोष्ट संपली, तात्पर्य हाती आले, की त्या प्राण्याचे काम संपते. पुढच्या गोष्टीत पुन्हा कोल्हा आला तरी तो तोच कोल्हा असतो असे नाही, आणि तो तोच असावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. त्या कोल्ह्याला सकाळी त्याच्या आईने काय सांगितले होते, असे कोणी विचारीत नाही.

चित्रपुस्तकांच्या मालिकेतील प्राण्याच्या बाबतीत मात्र हाच पहिला प्रश्न असतो. पीटरच्या गोष्टीचा आरंभ त्याच्या आईच्या सूचनेने होतो. मॅकग्रेगरच्या मळ्यात जाऊ नकोस, तुझे वडील तेथेच गेले आणि त्यांचे पाय झाले, म्हणजे कणकेच्या पारीत घालून त्यांना भाजून खाण्यात आले, हे ती माता अत्यंत शांतपणे सांगते. आणि पीटर थेट त्याच मळ्यात जातो! येथे ससा हा कोणत्याही गुणाचा वा दुर्गुणाचा मुखवटा उरलेला नाही. तो एक मूल झाला आहे. त्याला भूक आहे, मोह आहे, भीती आहे, घरी परतण्याची ओढ आहे. असा प्राणी कल्पिताना चित्रकाराला प्रथम ठरवावे लागते ते त्याचे रूप नव्हे, तर त्याचा स्वभाव. तो कशाला भुलतो, कशाला घाबरतो, संकटात पळतो की गोठून उभा राहतो, हे ठरले म्हणजे कान कसे असावेत आणि पाठ कशी वाकावी याची उत्तरे मिळू लागतात.

हाडे आधी, कपडे नंतर

बिअट्रिक्स पॉटरला ही उत्तरे आयती मिळाली नव्हती. लंडनच्या एका श्रीमंत पण एकाकी घरात ती वाढली. शाळेत ती कधी गेली नाही. तिने आणि तिच्या धाकट्या भावाने घरात ससे, उंदीर, वटवाघळे, काटेरी साळूसारखा दिसणारा हेजहॉग असे नाना जीव पाळले होते. त्यांचे प्रेम भाबडे नव्हते. एखादा प्राणी मेला की ही भावंडे त्याचे शव उकळून सांगाडा वेगळा काढीत आणि त्याचा अभ्यास करीत. पुढे तिने अळंब्यांचा इतका बारकाईने अभ्यास केला, की त्यांच्या बीजकणांच्या रुजण्यावरील तिचा निबंध १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत सादर झाला. स्त्रियांना तेथे प्रवेश नसल्यामुळे तो दुसऱ्याने मांडला. पीटर हा तर तिचा पाळीव ससाच होता. तिने त्याला नऊ वर्षे सांभाळले, झोपलेला, बसलेला, कान टवकारलेला असा असंख्य वेळा रेखाटला. जानेवारी १९०१ मध्ये तो ससा मेला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुस्तकातला ससा जन्मला.

म्हणूनच तिचा ससा जाकीट घालून दोन पायांवर उभा असला तरी त्या जाकिटाखाली खऱ्या सशाची पाठ आहे, हे पाहणाऱ्याला जाणवते. गुडघे माणसासारखे पुढे आणून तिने सशाला माणूस बनविले नाही. आणि त्याही पुढे जाऊन, तिने त्या कपड्यांनाच गोष्टीत काम दिले. मळ्यात पाठलाग सुरू होतो तेव्हा पीटरचे जोडे आधी निसटतात. ते निसटल्यावर तो चार पायांवर धावू लागतो आणि अधिक वेगाने धावतो. मग गूजबेरीच्या झुडपांवर पसरलेल्या जाळ्यात त्याच्या नव्या निळ्या जाकिटाची मोठाली बटणे अडकतात. जाकिटातून अंग सोडवून घेतो तेव्हाच त्याचा जीव वाचतो. मागे राहिलेले ते जाकीट मॅकग्रेगर बुजगावण्याला घालतो. कपडे अंगावर असतात तोवर तो आईचा मुलगा असतो. ते गळून पडले की तो ससा होतो. मुलांना शिस्तही हवी असते आणि ती झुगारून उघड्या अंगाने पळण्याचा आनंदही हवा असतो. हे सारे एका वस्त्राच्या आधाराने एकही उपदेशपर वाक्य न लिहिता सांगितले गेले आहे. प्राण्याला कपडे का घालायचे, याचे याहून चांगले उत्तर चित्रपुस्तकांत क्वचितच सापडेल.

कपड्यांचा अर्थ निराळ्या दिशेनेही जाऊ शकतो. १९३१ साली फ्रान्समध्ये झाँ द ब्रुनॉफ याने ‘बाबार’ हा हत्ती मुलांपुढे आणला. मूळ गोष्ट त्याच्या पत्नीने आपल्या दोन मुलांना सांगितलेली. शिकाऱ्याच्या गोळीने आई गमावलेला बाबार शहरात येतो, एका वृद्ध बाईंच्या पैशाने हिरवा सूट शिवतो, हॅट घेतो, आणि रानात परतल्यावर हत्तींचा राजा होतो. चित्रे विलक्षण सुंदर आहेत. परंतु पुढे अनेक टीकाकारांनी, विशेषतः चिलीचे लेखक आरिएल डॉर्फमन यांनी, यात वसाहतवादाची छाया दाखवून दिली. युरोपीय पोशाख केला तो सुसंस्कृत, उघडा राहिला तो रानटी, असा अर्थ त्या हिरव्या सुटातून निघतो, असा हा आक्षेप. चित्रकाराच्या मनात तो हेतू असेल वा नसेल. पण प्राण्याच्या अंगावर चढविलेले वस्त्र निरर्थक कधीच नसते, एवढे या वादातून स्पष्ट होते.

उलट, डेव्हिड मकी या इंग्रज चित्रकाराने १९६८ साली जो ‘एल्मर’ हत्ती निर्माण केला त्याला कपडेच नाहीत. गोधडीच्या तुकड्यांसारखे नाना रंगांचे चौकोन हीच त्याची कातडी. मकी यांची पत्नी अँग्लो-इंडियन घरातली. आपल्या मुलीच्या वर्णावरून रस्त्यात ऐकावी लागलेली शेरेबाजी या हत्तीच्या मुळाशी आहे, असे त्यांनी सांगितले होते. सर्वांसारखे दिसावे म्हणून एल्मर स्वतःला करडा रंग फासून घेतो. पण पावसाने रंग धुऊन जातो आणि कळपाला आपला जुना सोबती परत मिळतो. येथे प्राण्याचे रूप हीच त्याची गोष्ट आहे.

दोन ठिपके आणि एक फुली

पॉटरचा मार्ग निरीक्षणाचा होता. याच्या अगदी उलट दिशेने जाऊन तेवढाच टिकाऊ ससा घडविण्याचे श्रेय हॉलंडमधील उत्रेख्त शहराच्या डिक ब्रूना यांना जाते. १९२७ साली जन्मलेले ब्रूना हे प्रकाशकाच्या घरातले. वडिलांच्या संस्थेच्या स्वस्त पुस्तकमालेसाठी त्यांनी शेकडो मुखपृष्ठे केली, आणि मातीसच्या कागद कापून केलेल्या चित्रांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. १९५५ साली समुद्रकाठच्या एका गावी सुटीत असताना वाळूच्या टेकड्यांत त्यांना आणि त्यांच्या लहानग्या मुलाला एक ससा दिसला. त्या सशाच्या गोष्टी मुलाला सांगता सांगता जे पात्र जन्मले त्याला डच बालभाषेतले ‘ससुल्या’ या अर्थाचे नाव मिळाले. जगभर ते ‘मिफी’ या नावाने ओळखले जाते.

१९५५ चा हा पहिला ससा आजच्या मिफीसारखा दिसत नव्हता. त्याचे कान मऊ खेळण्यासारखे लुळे होते. १९६३ साली ब्रूनांनी तो पुन्हा काढला आणि तेव्हा खरी निर्मिती झाली. कान ताठ उभे राहिले. डोळ्यांच्या जागी दोन काळे लंबगोल ठिपके, तोंडाच्या जागी एक लहानशी फुली. पुस्तकाचा आकार चौरस, सुमारे सोळा सेंटिमीटरचा, लहान हातात मावणारा. डाव्या पानावर चार ओळी, उजव्या पानावर एक चित्र. रंग मोजके: लाल, पिवळा, निळा, हिरवा, पुढे त्यांत करडा आणि तपकिरी यांची भर पडली. छटा नाही, सावली नाही. आणि एक अलिखित नियम: शरीर कोणत्याही दिशेला वळले तरी चेहरा सदैव वाचणाऱ्या मुलाकडे.

ही साधी चित्रे झटपट काढलेली असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ब्रूना कुंचल्याने अतिशय सावकाश रेघ काढीत. त्यामुळे त्या रेघेला हाताचा किंचितसा कंप असे, आणि तोच तिला जिवंत ठेवी. एकेका चित्रासाठी अनेक कच्ची चित्रे फेकून दिली जात. जेथे चेहऱ्यावर केवळ दोन ठिपके आणि एक फुली आहे, तेथे एक ठिपका केसभर सरकला तरी सशाची मनःस्थिती बदलते. १९९६ साली त्यांनी मिफीच्या आजीच्या मृत्यूवर पुस्तक केले. फुलीचे तोंड खाली वळवून दुःख दाखविणे शक्य नव्हते. म्हणून त्या कोऱ्या चेहऱ्यावर अश्रू आला, आणि तेवढा पुरला. ज्या चेहऱ्यावर चित्रकाराने काहीच लादलेले नसते त्या चेहऱ्यावर मूल स्वतःचे दुःख आणि स्वतःचा आनंद ठेवू शकते. खदखदून हसणारे आणि डोळे गरगर फिरविणारे प्राणी मुलासाठी ही जागाच शिल्लक ठेवीत नाहीत.

पॉटर आणि ब्रूना यांच्या शैलींत साम्य शोधूनही सापडणार नाही. तरीही दोघांची कसोटी एकच होती. काय काढायचे यापेक्षा काय काढायचे नाही हे दोघांनी आधी ठरविले, आणि एकदा ठरविलेले कोणाच्या दडपणाखाली बदलले नाही. पॉटरला प्रकाशक मोठे आणि महाग पुस्तक सुचवीत होते. लहान मुलाच्या हातात मावेल आणि त्याच्या घरच्यांना परवडेल असेच पुस्तक हवे, या हट्टापायी तिने आधी ते स्वतः छापले.

तोच ससा, पुन्हा पुन्हा

एका पुस्तकापुरता प्राणी काढणे वेगळे आणि मालिकेसाठी काढणे वेगळे. मालिकेत तो शेकडो वेळा काढावा लागतो, आणि प्रत्येक वेळी तो ‘तोच’ असावा लागतो. जाकिटाला मागच्या पुस्तकात तीन बटणे होती आणि या पुस्तकात दोनच आहेत, ही चूक संपादकाच्या नजरेतून सुटेल. चार वर्षांच्या मुलाच्या नजरेतून सुटणार नाही. यासाठी जाणते चित्रकार आरंभीच एक नमुना-पत्र तयार करतात. त्यावर तो प्राणी समोरून, बाजूने, पाठीमागून काढलेला असतो. बसलेला, पळणारा, झोपलेला असतो. त्याचे डोके एकूण उंचीच्या कितवा भाग आहे आणि दार, खुर्ची, आई यांच्या तुलनेत तो केवढा आहे याची नोंद असते. मग आणखी एक परीक्षा घेतली जाते. सारे चित्र काळ्या शाईने भरून टाकायचे आणि केवळ बाह्याकृतीवरून तो ओळखू येतो का, हे पाहायचे. ओळखू आला नाही, तर रंगांनी आणि कपड्यांनी केलेली सजावट व्यर्थ आहे असे समजावे.

छापखान्याच्या गरजाही रूपावर परिणाम करतात. चेहरा दोन पानांच्या मधल्या शिवणीत गेला तर नाक नाहीसे होते. एकच पुस्तक अनेक भाषांत काढायचे असेल तर रंगीत छपाई तीच ठेवून काळा मजकूर तेवढा बदलता येतो, आणि म्हणून चित्रात दुकानाच्या पाट्या वा पत्रावरील अक्षरे रंगात घालता येत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत एकाच चित्रांची पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघत आली, ती एकाच चित्रसंचाच्या बळावर. आपल्यासारख्या बहुभाषिक देशात हा तपशील क्षुल्लक नाही. चित्रातला प्राणी जितका बोलका, तितका भाषांतराचा भार हलका.

बाजारात गेलेला ससा

प्राणी लोकप्रिय झाला की तो पुस्तकाबाहेर पडतो. हा प्रकार अलीकडचा आहे असे मानण्याचे कारण नाही. पॉटरने २८ डिसेंबर १९०३ रोजीच पीटरच्या बाहुलीची नोंदणी लंडनच्या पेटंट कार्यालयात केली होती. ती बाहुली तिने स्वतः शिवली होती. त्याआधी अमेरिकेत पुस्तकाचे स्वामित्वहक्क नोंदविण्याचे राहून गेले होते. परिणामी तेथे चोरट्या आवृत्त्या निघाल्या आणि लेखिकेच्या हाती त्यांतून काहीच आले नाही. या धड्यामुळे असेल, पण पुढे पीटरचे खेळ आणि भिंतीवरचे कागद निघाले तेव्हा ती त्यांच्या नमुन्यांवर स्वतः करडी नजर ठेवून असे. पुस्तकांच्या उत्पन्नातून तिने इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात शेते विकत घेतली, मेंढ्या पाळल्या, आणि १९४३ साली मृत्यू पावली तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केली. एका सशाच्या जाकिटाने डोंगर आणि कुरणे वाचविली, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

ब्रूनांनाही हा झगडा चुकला नाही. १९७४ साली जपानमध्ये निर्माण झालेल्या ‘हॅलो किटी’ या मांजरीवर मिफीची छाप आहे, असे त्यांचे मत होते. त्याच कंपनीने कॅथी नावाचा ससा आणला तेव्हा प्रकरण ॲमस्टरडॅमच्या न्यायालयात गेले. २०१० मध्ये न्यायालयाने कॅथीच्या वस्तूंची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. २०११ मध्ये जपानला भूकंपाचा तडाखा बसल्यावर दोन्ही पक्षांनी वाद मिटविला आणि खटल्यावर होणारा खर्च भूकंपग्रस्तांना दिला. तो दीड लाख युरो होता. या कज्जातील कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी एक भेद उरतो. जो प्राणी गोष्टीतून जन्मतो त्याच्या मागे एक स्वभाव असतो; जो केवळ वस्तूंवर छापण्यासाठी जन्मतो त्याला चेहरा असतो, पण आई नसते, घर नसते, भीती नसते.

मराठी घरातील मूल आज ज्या प्राण्यांच्या सहवासात वाढते त्यांतील बहुसंख्य या दुसऱ्या जातीचे आहेत. दप्तरावर, डब्यावर, पडद्यावर ते सर्वत्र आहेत आणि सारे एकमेकांसारखे दिसतात. वास्तविक मराठी मुलाच्या कानावर पहिल्याने पडते ती चिमणी-कावळ्याची गोष्ट. शेणाचे घर आणि मेणाचे घर, बाहेर कोसळणारा पाऊस आणि न उघडणारे दार. त्या गोष्टीतली चिमणी तात्पर्यासाठी दार लावून बसलेली नाही. ती बाळाच्या तीट-काजळात गुंतलेली एक आई आहे. म्हणजे मुखवट्याकडून माणसाकडे जाणारे पाऊल आपल्या आज्यांनी फार पूर्वीच टाकले होते. १९८० साली मुंबईत सुरू झालेल्या ‘टिंकल’ मासिकात प्रदीप साठे यांनी कालिया हा कावळा रंगविला, तेव्हा ज्याला सारे हाकलतात तो पक्षीही मुलांचा नायक होऊ शकतो, हे सिद्ध झाले.

तेव्हा उणीव प्राण्यांची नाही आणि गुणी चित्रकारांचीही नाही. उणीव आहे ती चित्रकाराला लागणाऱ्या वेळाचे मोल जाणण्याची. चित्र म्हणजे मजकुराच्या शेजारची रिकामी जागा भरण्याचे साधन, अशी समजूत जोवर आहे तोवर अंगणातली खार वर्षभर पाहून मग तिची एक मालिका करावी, असे धाडस कोणी करणार नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे तरी करावे. पुस्तक निवडताना लेखकाच्या नावाबरोबर चित्रकाराचे नाव पाहावे, आणि मुलाच्या हाती देण्यापूर्वी त्यातल्या प्राण्याकडे क्षणभर रोखून बघावे. त्याच्या कपड्यांखाली हाडे आहेत का? त्याला कशाची तरी भीती वाटते का? त्याच्या चेहऱ्यावर मुलासाठी थोडी जागा आहे का? नोएल मूर या आजारी मुलाला १८९३ साली पत्रातून जे मिळाले, ते या तीन प्रश्नांची होकारार्थी उत्तरे देणारे होते. आजच्या मुलाला त्याहून कमी मिळावे याला काही कारण नाही.